काकांच्या बाटल्या

बाटली हातात आली की आपण आधी तिच्यात काय आहे ते बघतो. काका आधी झाकण बघायचे. झाकण उघडून आतल्या वॉशरवरून नख फिरवायचे, बाटलीचं तोंड अंगठ्याने चाचपायचे, मग ती नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर काचेकडे बघायचे. पहाडगंजच्या एका गल्लीत जुन्या बाटल्यांचा ठोक व्यापारी होता. काका पायरी चढले की तो आतल्या माणसाला हाक मारायचा, "लो जी, आ गए ढक्कनवाले बाबूजी." काकांना त्याचा राग यायचा नाही. उलट ते मला मोठ्या अभिमानाने सांगायचे, "बाटली घेताना दाम झाकणाचे द्यायचे असतात. काच फुकट आली असं समजायचं."

मी द्वारकेत त्यांच्या घरी तीन वर्षं भाड्याने राहिले. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, गुडगावला ऑफिस, स्वयंपाकाचा कंटाळा. ओळखीतून कळलं की एक मराठी जोडपं एक खोली देतंय आणि जेवणही. काका एका केंद्रीय खात्यात फोटोग्राफर होते. धरणांचे, जमिनींचे नकाशे कॅमेऱ्याखाली धरून त्यांच्या निगेटिव्ह काढायच्या, असं त्यांनी आयुष्यभर केलं. खातं डिजिटल झालं, काका रिटायर झाले, पण त्यांनी फ्लॅटमधल्या दुसऱ्या बाथरूमच्या खिडकीला काळा रंग फासून तिथे डार्करूम थाटली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घराचे नियम सांगितले. पाहुणे आणले तरी चालतील, उशीर झाला तरी चालेल. "पण रिकामी बाटली घरात ठेवून द्यायची नाही. पाण्याची असो, कोल्ड्रिंकची असो. प्यायलीस की चुरगळून बाहेर. बिल्कुल ठेवायची नाही."

मला वाटलं, म्हातारा जरा सर्किट आहे. काकू आतून म्हणाल्या, "जरा नाही."

त्यांच्या खात्यात पूर्वी कोणीतरी हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, पाण्याच्या बाटलीत भरून टेबलावर ठेवला होता आणि दुसरा कोणीतरी तहानेला तो प्यायला होता. माणूस वाचला. पण तेव्हापासून काकांनी एक कायदाच केला: जी बाटली तोंडाला ओळखीची आहे, तिच्यात रसायन भरायचं नाही. पाणी, शरबत, सॉस, लोणचं, सगळं बाद. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या मात्र त्यांना चालत. मी एकदा त्यांना कोंडीत पकडायला विचारलं, "काका, औषधपण पिण्याचंच की." ते म्हणाले, "औषध माणूस वाचून पितो. शरबत न वाचता पितो."

दिवाळीनंतर दिल्लीला धुराने खोकला लागला की काकांचा हंगाम सुरू व्हायचा. सोसायटीतल्या घराघरांत सिरपच्या बाटल्या रिकाम्या व्हायच्या आणि काका पिशवी घेऊन मजल्यामजल्यावर फिरायचे. लोक बिचारे खोकत दार उघडायचे, आणि हे विचारायचे, "हो गई खाली?" मला हसू आवरायचं नाही. आणलेल्या बाटल्या दोन दिवस पाण्यात भिजत पडायच्या, मग रॉकेलचा बोळा घेऊन ते लेबलाचा शेवटचा चिकटपणासुद्धा काढायचे. बाटलीला आधीचा जन्म आठवता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा खरा वैरी म्हणजे हवा. बाटलीत वरती बोटभर जागा राहिली की त्या जागेतली हवा डेव्हलपरचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा, जीव घेते, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरलेली पाहिजे. लिटरच्या बाटलीतलं थोडं वापरलं की उरलेलं पाऊण लिटरच्या बाटलीत जायचं, तिथून अर्ध्या लिटरच्या. मधलं माप निघालं तर ते आत काचेच्या गोट्या सोडून पातळी वर आणायचे. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला रबर बँड असायचे. डेव्हलपरला एक, त्याचं काम थांबवणाऱ्या स्टॉपला दोन, हायपोला तीन. अंधारात डोळे चालत नाहीत, बोटं मोजतात. माझी बोटं त्यांनी महिनाभर घोटून घेतली. मला फोटोचं वेड नव्हतं, पण दिवसभर स्क्रीनसमोर बसून आल्यावर त्या लाल दिव्यात कोऱ्या कागदावर हळूहळू कोणाचा तरी चेहरा उमटताना बघणं मला आवडायला लागलं. दुसऱ्या वर्षापासून काका घरी नसले तरी मी एकटी काम करायचे. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

काकू मालवणकडच्या. दिल्लीत चाळीस वर्षं काढली तरी सोलकढीशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा भाऊ कोकम आगळाच्या सहा बाटल्या पाठवायचा. मिळेल त्या जाड तपकिरी बाटल्यांत भरलेलं, झाकण मेण लावून बंद केलेलं, वर कागदाच्या पट्टीवर त्याच्या वळणदार अक्षरात 'आगळ'. पित्त उठलं की काकू अर्धी वाटी आगळ तसंच, पाणी न घालता, उभ्या उभ्या एका घोटात घ्यायच्या. "जिभेला लागू द्यायचं नाही, सरळ खाली," असं त्या मलाही शिकवायच्या. मला ते कधी जमलं नाही.

करोनात काकूंचा वास गेला तो परत आलाच नाही. दुधाचं पातेलं माझ्या नाकाशी धरून त्या विचारायच्या, "बघ गं, नासलंय का?" मी घरी नसले की काकांना विचारायच्या. फोडणी करपली तरी त्यांना कळायचं नाही. त्या यावरही हसायच्या. "चला, यांच्या रसायनांचा वास एकदाचा सुटला," म्हणायच्या.

माझ्या तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चहाला घ्यावं इतकं गरम यायचं. डेव्हलपरला पाणी थंड लागतं. काका आधी टबात बर्फाच्या लाद्या टाकायचे, पण मे महिन्यात बर्फ घरी येईपर्यंत अर्धा व्हायचा. शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. फ्रिजचा सगळ्यात खालचा, भाजीच्या वरचा कप्पा रसायनांचा. रबर बँड असलेली बाटली काकूंनी हातात घ्यायची नाही, बिनरबरची बाटली काकांनी आणि मी तिथे ठेवायची नाही. काकू कुरकुरल्या. काका म्हणाले, "पंधरा दिवस गं. वळीव पडला की बंद."

आता माझ्याकडे येते.

तो शनिवार होता. काका सोसायटीच्या मीटिंगला गेले होते, काकू मंदिरात. मी काकांच्या खात्यातलं जुनं कॉस्टिक सोड्याचं डेव्हलपर मिसळलं. नकाशाच्या रेघा काळ्याभोर यायला खात्यातले लोक ते वापरायचे. फार कडक आणि अल्पायुषी. मिसळल्यावर हवा लागली की तासाभरात तांबूस पडायला लागतं, पण काठोकाठ भरून थंड ठेवलं तर दुसऱ्या दिवशी चालतं. चार प्रिंट काढल्या आणि पाऊण लिटर उरलं. पाऊण लिटरची बाटली हायपोने अडलेली. लिटरच्या बाटलीत गोट्या टाकायच्या, तर गोट्या धुवायच्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, तर सिंकजवळ भंगारवाल्याला द्यायला काकूंनी धुऊन पालथी घातलेली आगळाची बाटली, शेजारी तिचं झाकण.

मी ती उचलली. झाकणाच्या वॉशरवर नख फिरवलं. तोंड चाचपलं, वास घेतला. कुठे चीर नाही, वास नाही, काच तपकिरी, माप बरोबर. काकांनी शिकवलेली सगळी परीक्षा मी घेतली आणि बाटली पास झाली. कागदाची पट्टी धुऊनही तशीच चिकटलेली होती. म्हटलं, ती नंतर काढू आणि रबर लावू. बाटली भरली, पुसली, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. उद्याच्या सॉफ्टवेअर रिलीजमध्ये काहीतरी अडकलं होतं. दीड तास मी खोलीत फोनवर होते. बाटलीची आठवण मला पुन्हा झाली ती दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या टेबलावर तिला बघून.

रविवार असूनही मी ऑफिसात होते. दुपारी काकांचा फोन आला. "हिने काहीतरी घेतलंय. ये." बास, एवढंच. मी पोचले तेव्हा काकूंना आत नेलं होतं. काका बाकावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने विचारलं, "बोतल लाए हैं?" काकांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. 'आगळ'.

"इसमें भरा किसने था?" डॉक्टरने विचारलं.

मी तोंड उघडलं. उघडलं असं मला आठवतं. खरंच उघडलं होतं की नाही, देव जाणे.

"मैंने," काका म्हणाले.

"आप पढ़े-लिखे आदमी हैं। केमिकल कोई शरबत की बोतल में रखता है?"

काका मान खाली घालून उभे होते. चाळीस वर्षं ज्यांनी पाण्याच्या बाटलीत हायपोचा थेंब पडू दिला नव्हता, ते त्या पोराचं सगळं बोलणं ऐकून घेत होते. "गलती हो गई," एवढंच म्हणाले. मग पोलिसांचा माणूस आला, त्याने जबाब लिहून घेतला, त्यातही तेच. मी दोन पावलांवर भिंतीला टेकून उभी होते. पोलिसाने मला विचारलं, "आप कौन?" मी म्हटलं, "किरायेदार."

काकू नऊ दिवस होत्या. गळ्यापासून पोटापर्यंत सगळं भाजलं होतं, बोलता येत नव्हतं. नर्सने वही दिली होती. मी आत गेले की त्या लिहायच्या. एकदा लिहिलं, 'दूध तापवलंस का?' एकदा लिहिलं, 'यांना जेवायला घाल.' मला कशाबद्दल विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

त्यांची मुलगी, ताई, पुण्याहून आली होती. एकुलती एक. काकांनी तिलाही तेच सांगितलं, मीच ओतलं. ती म्हणाली, "बाबा, मला शाळेत पाण्याची बाटली नेऊ दिली नाहीत तुम्ही कधी. मैत्रिणी हसायच्या. आणि आईच्या फ्रिजमध्ये तुम्हीच हे ठेवलंत?" तेराव्याला तिने बॅग भरली. दारात उभी राहून म्हणाली, "माझं माहेर संपलं. मला फोन करू नका."

ती गेल्यावर दोन दिवसांनी मी धीर केला. काका डार्करूमच्या उंबऱ्यावर बसून बाटल्यांचे रबर काढत होते.

"काका, मी ताईला सांगते. ती बाटली मी भरली होती."

"मला माहीत आहे. घरात ते मिसळणारे आपण दोघंच."

"मग तुम्ही का..."

"रविवारी सकाळी फ्रिजमधून दूध काढताना मी ती बघितली होती." ते वर न बघता बोलत होते. "उचलली. हलवली. फेस आला. आगळाला असा फेस येत नाही. रबर नव्हता. मी ओळखलं. म्हटलं, चहा होऊ दे, मग रबर लावू. चहा झाला, पेपर आला. आता सांग, कोणी पाजलं तिला?"

मी रडायला लागले. ते म्हणाले, "पोलिसांत माझा जबाब आहे. तू आता बदललास तर तुला फेऱ्या माराव्या लागतील, नोकरी जाईल. आणि पोरीला एकाच माणसाचा राग करू दे. दोघांचा राग तिला झेपायचा नाही."

त्यांनी खरोखर बाटली बघितली होती की माझ्यासाठी ते रचलं, मला आजवर कळलेलं नाही. त्या वेळी मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. पण ताईला फोन केला नाही.

महिनाभरात मी गाझियाबादला मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहायला गेले. ऑफिस दूर पडत होतं, तरी गेले. त्या स्वयंपाकघरात मला पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं. महिन्यातून एकदा मेट्रोने द्वारकेला जायचे. काकांनी घरभर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मिठाच्या बरणीवर मीठ, साखरेवर साखर. पाण्याच्या तांब्यावर 'पाणी' असं लिहिलं होतं. पेल्यात पाणी घेतलं की आधी थोडं तळहातावर ओतून हुंगायचे आणि मगच प्यायचे. एकटा माणूस, घरात दुसरं कोणी नाही, आणि स्वतःच भरलेल्या पाण्याचा वास घेतोय.

एकदा म्हणाले, "बाटल्या परत करून येऊ." आम्ही दोन पोती घेऊन टॅक्सीने पहाडगंजला गेलो. दुकानदाराने एक बाटली उचलली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "बाबूजी, ढक्कन?" सगळ्या बाटल्या बिनझाकणाच्या होत्या. काकांनी झाकणं एकेक करून हातोडीने चेचून टाकली होती. "ढक्कन के बिना कोई कुछ नहीं भरेगा," ते म्हणाले. दुकानदाराला काही कळलं नाही. माझ्याकडे बघून त्याने डोक्याजवळ बोट फिरवलं. मी नजर चुकवली.

रविवारी अकरा वाजता काका ताईला फोन लावायचे. मी असले तर माझ्यासमोरच. फोन वाजायचा, वाजत राहायचा, मग बाईचा आवाज सांगायचा की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. तो आवाज पुरा होईपर्यंत ते कानावरून फोन काढायचे नाहीत. मग मला समजावायचे, "वाजतो तरी. तिने नंबर बंद केलेला नाही. एखाद दिवशी उचलेल." अडीच वर्षं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज घरी जाऊन ताईला सांगायचं. एक फोन. तिचा नंबर माझ्याकडे होता. माझा नंबर तिने उचलला असता. आणि प्रत्येक वेळी मेट्रोत बसल्यावर मी स्वतःला म्हणायचे, काकांनीच नको म्हटलंय ना. त्यांचा शब्द कसा मोडायचा?

गेल्या थंडीत काकांना न्युमोनिया झाला. शेजाऱ्यांनी मला कळवलं, तोवर ते व्हेंटिलेटरवर होते. मी ताईला फोन केला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. ती विमानाने आली, पण काका तासाभरापूर्वी गेले होते. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी मी फ्लॅटवर गेले. ताई कपाटं रिकामी करत होती. मला बसायला सांगून तिने चहा ठेवला, आणि साखरेच्या बरणीवरची चिठ्ठी वाचून तशीच थांबली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तू तेव्हा इथेच राहत होतीस ना? मला एक सांग. बाबा असं कसं करू शकले? मी अडीच वर्षं विचार करतेय. ते असं करणारे नव्हते गं."

"त्यांनी केलं नाही, ताई. मी केलं."

मी सगळं सांगितलं. बाटली, फोन, हॉस्पिटल, फेस आलेला त्यांनी बघितला होता म्हणाले तेही. मधे चहा उतू गेला, तिने गॅस बंद केला आणि ओटा पुसत ऐकत राहिली. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यांनी मला सांगू नको म्हटलं?"

"हो."

"आणि तू ऐकलंस."

मी बरणीवरच्या चिठ्ठीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

"ते दर रविवारी फोन करायचे. मी फोन समोर ठेवून बसायचे, वाजणं थांबेपर्यंत. तुला माहीत होतं?"

"हो."

तिने फडकं पिळून नळावर वाळत घातलं. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मग आज कशाला सांगितलंस? बाबांचा फोन आता मी उचलू शकत नाही. आईला काही कळायचं नाही. मला अजून एक रविवार मिळायचा नाही. आज हे सांगून बरं कोणाला वाटणार आहे?"

मी चपला घातल्या. तिने दार लावून घेतलं. गाझियाबादला पोचेपर्यंत चार वाजले होते. मी पलंगावर आडवी झाले आणि मला झोप लागली. अडीच वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ. मैत्रिणीने हलवून उठवलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि मला फार बरं वाटत होतं.